चाळीस सिस्टर आणि संसर्गमुक्त दिवस

आमच्या रुग्णालयात तिला सगळे चाळीस सिस्टर म्हणत. वयावरून नव्हे, वय पंचावन्न होतं. साबण लावून हात चाळीस सेकंद धुवायचे असतात, आणि ती ते मोजायची. तोंडानं नाही, मनात. पण समोर हात धुणाऱ्याला तिच्या चेहऱ्यावरून कळायचं, की आपण अजून अकरावरच आहोत.

मी तिथं एकतीस वर्षं नळकाम केलं. प्लंबर म्हणून लागलो आणि प्लंबर म्हणूनच निवृत्त झालो. लोकांना वाटतं, रुग्णालय म्हणजे डॉक्टर. मला विचाराल तर रुग्णालय म्हणजे पाणी. स्वच्छ पाणी आत येतं, घाण पाणी बाहेर जातं. दोघांची गाठ पडली नाही की निम्मं काम झालं. हे मला ठाऊक होतं आणि तिला ठाऊक होतं. बाकीच्यांना त्यावर फलक लावायला आवडायचं.

सव्वीस वर्षं तिनं वॉर्डात काढली. माणसं उचलून उचलून कंबर गेली, तेव्हा मेट्रनबाईंनी तिला हलकं काम दिलं: रुग्णालयात येऊन कुणाला नवा आजार लागू नये, एवढंच बघायचं. ही जागा वर्षभर रिकामी होती, कारण ती कुणाला नको होती. ज्याचे हात घाण आहेत त्याला ते तोंडावर सांगायचं, आणि ज्याचे हात सगळ्यात मौल्यवान त्यालाच जास्त वेळा सांगायचं, हे ते हलकं काम. ते करायला ती चार मजले दिवसातून तीनदा चढायची. लिफ्ट रुग्णांसाठी आहे म्हणायची. खोली मिळाली ती जिन्याखाली, धुलाईघराशेजारी. टेबल, कपाट, टेलिफोन. उभं राहिलं की डोक्याला जिना लागायचा.

सकाळी साडेसातला ती वरच्या मजल्यापासून सुरुवात करी. सलाइनची सुई हातात कधीपासून आहे, ते चिकटपट्टीवरच्या तारखेवरून बघायचं. तारीख नसेल तर सुई काढायला लावायची. लघवीची पिशवी जमिनीला टेकली आहे का? नळीची अजून गरज आहे, की काढायची राहून गेली म्हणून ती आत आहे? सुयांचा डबा गळ्यापर्यंत भरलाय का? शौचालयाचं फडकं वॉर्डात तर फिरत नाही ना?

"मावशी, हे फडकं कुठलं?" ती वॉर्डातल्या मावशींना विचारायची.

"वॉर्डातलंच की."

"मग याला फिनेलचा वास कसा?"

"सिस्टर, तुमच्या नाकालापण ड्युटी लावलीय का?"

मावशी हसायच्या आणि फडकं बदलायच्या. तिच्यावर कुणी फार काळ रागवू शकत नसे, कारण ती कधी आवाज चढवत नसे. ती फक्त तिथून हलत नसे.

तिच्या आधीच्या परिचारिकेनं कागद फार नीट ठेवले होते. हात धुण्याचं प्रमाण शंभरात शहाण्णव. चाळीस सिस्टरनं कपाट उघडलं, तेव्हा त्यात एक मोठा बिल्ला सापडला. 'निरीक्षक' असं लिहिलेला. तो छातीवर लावून वॉर्डात जायचं आणि कोण हात धुतं ते मोजायचं, अशी पद्धत होती. बिल्ला दिसला की सगळे बेसिनकडे धावायचे. सिस्टरनं बिल्ला परत कपाटात टाकला, वॉर्डाच्या कोपऱ्यात गॉजच्या घड्या घालत बसली आणि पाच दिवस मोजलं. शंभरात एकतीस. त्यात मावशी सगळ्यात पुढे होत्या आणि हाडांचे मोठे डॉक्टर सगळ्यात मागे. मोठे डॉक्टर बोटांची टोकं पाण्याखाली धरायचे, तीन सेकंद. एखादी वस्तू गरम आहे का ते बघावं तसं.

मोठ्या डॉक्टरांविषयी एवढंच सांगतो, की ते गुडघे बदलण्यात पट्टीचे होते. लांबून लोक यायचे. त्यांची अंगठी निघत नसे, असं ते म्हणत.

आता संचालक साहेब. ते आमच्याकडे येण्याआधी हॉटेलं चालवत. त्यामुळे त्यांना दर्शनी भाग कळायचा. आल्याबरोबर त्यांनी प्रवेशद्वारासमोर मोठा फलक लावला: 'आज आमचा सलग इतकावा संसर्गमुक्त दिवस.' आकडा बदलण्यासाठी एक कारकून नेमला. तो रोज सकाळी नऊला स्टुलावर चढून पाटी बदलायचा. रविवारी येऊन दोन दिवसांचं काम एकदम करून जायचा, कारण सोमवारी त्याची सुट्टी असे. म्हणजे सोमवारचा दिवस संसर्गमुक्त जाणार, हे त्याला रविवारीच कळलेलं असायचं.

दोनशेव्या दिवशी तपासणी समिती येणार होती आणि ढाल देणार होती. एवढे दिवस कुणालाच संसर्ग कसा झाला नाही? त्याचं उत्तर सोपं होतं. ऑपरेशनची जखम बिघडायची असेल तर ती साधारण सहाव्या-सातव्या दिवशी बिघडते. आमच्याकडे रुग्णाला चौथ्या दिवशी घरी पाठवत. पाठवताना फूल देत. पू आला तर तो घरी यायचा, आणि घरी आलेला तो घरचा संसर्ग. साहेबांचा तसा लेखी आदेशच होता.

सिस्टरनं आदेश वाचला, घडी करून कपाटात बिल्ल्याशेजारी ठेवला आणि टेलिफोन ओढून घेतला. चार महिन्यांत हाडांच्या वॉर्डातून घरी गेलेल्यांची यादी तिनं काढली. ऐंशी नावं. रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती फोन करायची. डबा उघडा, एक घास, एक फोन.

"मी रुग्णालयातून सिस्टर बोलतेय. जखम कोरडी आहे ना?"

बऱ्याच जणांना वाटायचं काहीतरी विकायला फोन आहे. एका आजोबांनी तर सांगितलं, "बाई, आम्हाला काही नको, आमच्याकडे सगळं आहे." सिस्टर म्हणाली, "पू आहे का?"  आजोबा म्हणाले, "तुम्हाला कसं कळलं?"

दहा दिवसांत अठ्ठ्याहत्तर लोक सापडले. आधीच्या दोन महिन्यांत एकाची जखम बिघडली होती. नंतरच्या दोन महिन्यांत सात जणांची. त्यातल्या तिघांना तिनं बोलावून घेतलं आणि जखमेतलं पाणी प्रयोगशाळेत दिलं. तिघांत एकच जंतू निघाला. पू हिरवट, वास जरा गोडसर. हा जंतू माणसाच्या अंगावर फारसा राहत नाही. तो ओलाव्यात राहतो, नळात, मोरीत.

त्या दुपारी ती माझ्या वर्कशॉपमध्ये आली. मी एका व्हॉल्व्हला ग्रीस लावत होतो.

"मिस्त्री, दोन महिन्यांपूर्वी हाडांच्या वॉर्डात पाण्याचं काही बदललंय?"

"पाण्याचं नाही. बेसिन बदललंय, पण त्याला वर्ष झालं."

"मग दोन महिन्यांपूर्वी काय झालं?"

ते मला ठाऊक नव्हतं. बेसिनचं मात्र ठाऊक होतं. पट्टी बदलायच्या खोलीत आधी खोल, पांढरं, कुरूप बेसिन होतं. मी तरुणपणी बसवलेलं. साहेबांनी ते काढायला लावून काचेचं उथळ थाळीसारखं बेसिन आणलं आणि हात पुढे केला की वाहणारा नळ. मी सांगितलं होतं, "साहेब, धार सरळ मोरीच्या जाळीवर पडते. शिंतोडे उडणार."

साहेब म्हणाले होते, "मिस्त्री, हेच बेसिन सगळ्या चांगल्या हॉटेलांत आहे."

"तिथं लोक तोंड धुतात, साहेब."

पण शेवटी मीच ते बसवलं. आपलं म्हणणं एकदा सांगितलं आणि पाना उचलला. दुसऱ्यांदा सांगायला हवं होतं. तेवढी मेहनत मी घेतली नाही.

इकडे साहेबांच्या कानावर फोनची गोष्ट गेली. बुधवारी त्यांनी सिस्टरला बोलावलं. दर दोन महिन्यांचं पत्रक समोर होतं. त्यात 'रुग्णालयात झालेले संसर्ग' असा रकाना, आणि खाली सही फक्त संसर्ग-प्रतिबंध परिचारिकेची. साहेबांची सही तिथं चालत नसे. नियम करणाऱ्याला तेवढी अक्कल होती.

साहेबांनी चहा मागवला. मग म्हणाले, "सिस्टर, तुमच्या सासूबाईंचा गुडघा कसा आहे?"

सासूबाईंचा गुडघा सगळ्या कर्मचारी वसाहतीला माहीत होता. पस्तीस वर्षं त्यांनी पायानं चालवायच्या मशीनवर शिवणकाम केलं होतं, शाळांचे गणवेश आणि बँडवाल्यांचे कोट. आता उजवा गुडघा वाकत नव्हता आणि डावा सरळ होत नव्हता. सिस्टरचा नवरा शाळेची बस चालवायचा. सकाळी बस काढण्याआधी तो आईला खुर्चीसकट शौचालयापर्यंत न्यायचा आणि दुपारी परत आला की पुन्हा न्यायचा. मधल्या वेळेत सासूबाई पाणी पीत नसत. चौदा महिने त्यांचं नाव ऑपरेशनच्या यादीत होतं आणि यादी गोगलगायीसारखी सरकत होती.

"पुढच्या मंगळवारी पहिला नंबर त्यांचा," साहेब म्हणाले. "मोठे डॉक्टर स्वतः करतील. आणि हे पत्रक सोमवारपर्यंत द्या. गुरुवारी समिती आहे. रकान्यात काय लिहायचं ते तुम्हाला मी सांगायला नको."

सिस्टर चहा न पिता उठली. मला हे तिनंच नंतर सांगितलं आणि वर म्हणाली, "मिस्त्री, खरं सांगते, जिना उतरताना मी आनंदात होते. शेवटच्या पायरीवर आठवलं, की मंगळवारी आईंना ठेवणार कुठे? त्याच वॉर्डात."

साहेबांनी बक्षीस म्हणून जे देऊ केलं, तेच बिघडलेलं होतं. आणि ते त्यांच्या लक्षातही नव्हतं, कारण त्यांचा स्वतःच्या फलकावर मनापासून विश्वास होता.

संध्याकाळी ती घरी पोचायच्या आत बातमी घरी पोचली होती. सासूबाईंनी पिशवी भरायला घेतली होती. दोन लुगडी, चष्मा, कंगवा, आणि डॉक्टरांना दाखवायला गुडघ्याचे जुने फोटो.

शुक्रवारी सकाळी सिस्टर पुन्हा माझ्याकडे आली. हातात निळ्या शाईची बाटली आणि धुलाईघरातून आणलेली पांढरी चादर.

"मिस्त्री, चला. मला तुमचा हात पाहिजे. धुतलेला."

पट्टी बदलायच्या खोलीत गेलो. तिथं मी महिनोन् महिने पाऊल टाकलं नव्हतं. बघतो तर पट्ट्यांची ट्रॉली बेसिनला खेटून उभी. त्यावर उघडा गॉज, कापूस, चिमटे.

"ही इथं कशी? ही खिडकीपाशी असायची ना?"

सिस्टरनं मावशींना हाक मारली. मावशी म्हणाल्या, "ती होय? ती फोटोला आणलेली."

"कसल्या फोटोला?"

"ढालीच्या अर्जाला फोटो पाहिजे होता ना. मोठे डॉक्टर हात धुताहेत, मागे हात धुण्याचा फलक, बाजूला स्वच्छ ट्रॉली. फोटोवाला म्हणाला ट्रॉली लांब आहे, चौकटीत येत नाही. म्हणून सरकवली."

"कधी?"

"झाले की दोन महिने."

"परत का नाही नेली?"

"नेणार होतो. पण साहेब म्हणाले राहू दे, छान दिसतेय."

 सिस्टरनं ट्रॉलीवरचं सगळं सामान काढून टाकायला लावलं आणि त्यावर पांढरी चादर पसरली. मग अर्धी बाटली शाई बेसिनच्या जाळीत ओतली. मला म्हणाली, "हात धुवा. चाळीस सेकंद."

मी धुवायला लागलो. नळातून धार आली, सरळ जाळीवर आदळली. मी खाली हातांकडे बघत होतो. मावशींनी "अगं बाई!" केलं म्हणून वर बघितलं. चादरीवर निळे ठिपके उमटत होते. बारीक, राईएवढे. जवळच्या कडेला दाट, पलीकडे विरळ. जिथं एरवी गॉज असायचा तिथं अगदी गच्च. पाण्यात डोळ्याला दिसणारं काहीच नव्हतं. शाईनं ते दाखवलं.

एवढ्यात मोठे डॉक्टर आत आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. आमच्याकडे न बघता त्यांनी सवयीनं बोटांची टोकं नळाखाली धरली. तीन सेकंदच झाले, पण तेवढ्यात पोटापासून खिशापर्यंत शर्टावर निळी नक्षी उठली.

"हा काय प्रकार आहे?" ते ओरडले.

"शाई आहे, सर," सिस्टर म्हणाली. "एरवी दिसत नाही."

डॉक्टरांनी एकदा शर्टाकडे बघितलं, एकदा चादरीकडे. त्यांना कळलं. कळलेलं तोंडावर दिसत होतं. पण शर्ट महागाचा होता, म्हणून ते आधी शर्टाबद्दल बोलले आणि तरातरा साहेबांकडे गेले.

शनिवारी सिस्टरच्या हातात कागद पडला. 'रुग्णालयाच्या मालमत्तेत अनधिकृत शाई ओतल्याबद्दल तीन दिवसांत खुलासा करावा.' सात माणसांच्या जखमा बिघडल्या त्याचा खुलासा कुणी मागितला नव्हता.

रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी होतो. फ्लशची टाकी गळत होती आणि सासूबाईंना धरायला भिंतीत एक कांब बसवायची होती. मी शौचालयात, बाकीचे तिघं बाहेर. दार उघडं. भिंतीला भोक पाडायचं थांबवून मी ऐकत होतो, हे कबूल करतो.

"आई, मंगळवारचं ऑपरेशन नको," सिस्टर म्हणाली.

"का? डॉक्टर आजारी पडला?"

"डॉक्टर बरे आहेत. वॉर्ड बिघडलाय."

"मग तू कशाला आहेस तिथं? दिवसभर दुसऱ्यांचे हात धूत फिरतेस, घरच्या माणसाची वेळ आली की वॉर्ड बिघडला? माझ्यापुरता तेवढा पुसून घे."

"तुमच्यापुरता कसा पुसणार? बेसिन एकच आहे."

"चौदा महिने, अगं! चौदा महिने मी या माणसाच्या वाटेकडे डोळे लावून पाणी पितेय." या माणसाच्या म्हणजे लेकाच्या. लेक म्हणाला, "तुम्हा दोघींच्या मध्ये मी पडत नाही," आणि तिथंच बसून राहिला.

"तू त्या कागदावर सही कर," सासूबाई म्हणाल्या. "गुरुवारी त्यांचं ते काय ते होऊन जाऊ दे. शुक्रवारपासून वॉर्ड घास, फोड, काय करायचं ते कर. मंगळवारी मला जाऊ दे. माझं बघीन मी."

मला वाटतं सिस्टरच्या मनातही हेच आलेलं होतं. कारण ती लगेच नाही म्हणाली नाही. ट्रॉली गुपचूप खिडकीपाशी न्यायची, रकान्यात शून्य लिहायचं, ढाल मिळू द्यायची, मग बेसिन. पण ट्रॉली हलवून भागत नव्हतं. त्या बेसिनवर हात धुऊनच सगळे पट्टी सोडायचे, आणि धुतल्या हातांवर पुन्हा मोरीचंच पाणी उडत होतं. हे तिला माहीत होतं आणि भिंतीआड मलाही.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "त्या सातांतल्या एक आजी परत भरती झाल्यात. तुमच्याच वयाच्या. आत पू झाला म्हणून बसवलेला सांधा काढावा लागला."

"काढला? म्हणजे घातलेलं लोखंड परत काढून घेतलं?"

"हो."

"मग पाय?"

"तसाच. सांध्याशिवाय. सहा आठवडे औषधं, मग बघायचं परत घालता येतो का."

 

"मंगळवारी अजून कितीजण आहेत?" सासूबाईंनी विचारलं.

"तुम्हाला धरून दहा. आठवड्यात."

"त्यांना सांगितलंस?"

"नाही."

"म्हणजे मला सून आहे म्हणून मी वाचणार. त्यांना नाही म्हणून ते जाणार." सासूबाईंचा आवाज चढला. "मी पस्तीस वर्षांत एकदाही उसवलेला कोट वरून घडी घालून गिऱ्हाइकाच्या हातात ठेवला नाही. आणि तू माझी सून! ती पिशवी रिकामी कर. आणि माझ्याशी बोलू नकोस."

ती पिशवी लेकानं रिकामी केली. सासूबाई खरंच चार दिवस बोलल्या नाहीत. काही पाहिजे असलं की भिंतीला सांगायच्या. योग्य तेच करायला सांगून वर रुसायचं, हे मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

सोमवारी सिस्टरनं रकान्यात सात लिहिलं आणि सही केली. नियमात पत्रकाच्या तीन प्रती होत्या. एक साहेबांना, एक मेट्रनबाईंना, एक थेट समितीला. इतकी वर्षं तिन्ही प्रती साहेबांकडेच जात. हिनं नियम वाचून ज्याची प्रत त्याला दिली. साहेबांकडे शेवटी गेली.

"सिस्टर," साहेब म्हणाले, "शून्य हा आकडा आहे. सात ही अडचण आहे."

"माणसं आहेत, साहेब."

"घरी बिघडली ना?"

"बिघडली घरी. जंतू दिला आपण."

"तुमच्या सासूबाई मंगळवारी..."

"मंगळवारी कुणीच नाही, साहेब. रकान्यात तीनच्या वर आकडा गेला की कारण दूर होईपर्यंत वॉर्डात नवं ऑपरेशन घ्यायचं नाही. कलम अकरा. आणि आईंचं नाव तुम्ही वर नेलं होतं, ते होतं तिथं ठेवा. यादीत त्यांच्या आधी बरेच जण आहेत."

साहेबांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. समिती यायची म्हणून सुट्टीतही बोलावलेला कारकून स्टुलावर चढून एकशे सत्त्याण्णवाची पाटी पुसत होता. त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

मग माझी पाळी आली. काचेचं बेसिन काढलं तेव्हा खालच्या वाकड्या नळीत हाताच्या अंगठ्याएवढा जाड बुळबुळीत थर निघाला. नळाच्या तोंडच्या जाळीतही तसाच. जुनं खोल बेसिन भंगारात सापडलं, कड जरा उडालेली. कड घासून घेतली, बेसिन बसवलं. नळ असा लावला, की धार जाळीवर न पडता बाजूच्या उतारावर पडावी. कोपरानं उघडायचा साधा लांब दांडा. ट्रॉली समोरच्या भिंतीला नेली, त्यावर झाकण केलं. शाई ओतून पुन्हा चादर पसरली. पहिल्यांदा चार ठिपके आले. सिस्टरनं मोजले. म्हणाली, "मिस्त्री, चार आहेत." मी नळ पुन्हा सोडवला, दोन बोटं सरकवला. दुसऱ्यांदा चादर पांढरी राहिली. चार दिवस लागले.

त्या चार दिवसांत ऑपरेशन पुढे ढकललेल्या नऊ घरांतली माणसं सिस्टरच्या जिन्याखालच्या खोलीत येऊन ओरडून गेली. कुणी रजा काढली होती, कुणी गाडी ठरवली होती. "तुमच्या एका आकड्यापायी आमचा माणूस ताटकळलाय," असं एक जण म्हणाला. तिनं ऐकून घेतलं. त्याला शाईची चादर दाखवावी, असं मी सुचवलं. ती म्हणाली, "ज्याला ऑपरेशन करून घ्यायचंय त्याला घाबरवून काय मिळणार?"

गुरुवारी समिती आली. फलक रंगवायला नेला होता. पत्रक समितीच्या हातात होतं. साहेबांनी पंधरा मिनिटं भाषण केलं. रुग्णालयानं आपल्या चुका आपण कशा शोधल्या, घरी गेलेल्या रुग्णालाही आपण कसं वाऱ्यावर सोडत नाही, आणि बेसिनची खोली किती महत्त्वाची. खोली हा शब्द त्यांनी तीनदा वापरला. समिती इतकी भारावली, की संसर्गमुक्तीची ढाल न देता त्यांनी प्रामाणिकपणाची ढाल दिली. ती साहेबांनी दोन्ही हातांनी घेतली. फोटो काढला, जुन्या बेसिनपाशी. फोटोवाल्यानं ट्रॉली जरा जवळ घ्यायला सांगितली. मावशी ट्रॉलीवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ही हलणार नाही. लांबून काढ."

आठवड्यानं सिस्टरला कागद आला: शाईबद्दलचा खुलासा असमाधानकारक. यापुढे शाई लेखी परवानगीनं वापरावी. तिनं त्याच दिवशी लेखी परवानगी मागितली, दर महिन्याला अर्ध्या बाटलीची. मिळाली. नाही कशी म्हणणार? ढाल भिंतीवर होती.

मोठे डॉक्टर पूर्ण हात धुवायला लागले. चाळीस नाही, पण पंचवीसपर्यंत जायचे. अंगठीसुद्धा निघाली. साबण लावला की निघते म्हणे.

वॉर्ड उघडल्यावर त्या नऊ जणांची ऑपरेशनं झाली. नऊच्या नऊ जखमा कोरड्या राहिल्या. त्यांना अजूनही वाटतं, की कुठल्याशा नर्सनं आपला आठवडा वाया घालवला.

सासूबाईंचा नंबर आणखी सात महिन्यांनी लागला, यादीत होता तसाच. त्या दिवशी सिस्टरनं रजा घेतली नाही. सकाळपासून ती वरच्या मजल्यावर सुयांच्या तारखा बघत होती. सासूबाईंनी शेजारच्या खाटांना सांगून टाकलं होतं, "सून इथंच कामाला आहे. पण माझ्या खाटेशी फिरकली असेल तर शपथ."

ती आली ती चौथ्या दिवशी दुपारी चारला, भेटायच्या वेळेत, इतर नातेवाइकांबरोबर रांगेत उभी राहून. मी गरम पाण्याची लाइन बघायला तिथंच होतो. सासूबाई खाटेच्या कडेला पाय सोडून बसल्या होत्या. सिस्टरनं आधी पट्टी बघितली, कडा बोटानं चाचपल्या, वास घेतला. मग गुडघा बघितला. मग कुठे सासूबाईंच्या तोंडाकडे बघितलं.

"उलटं बघायचं असतं, बाई," सासूबाई म्हणाल्या. "आधी माणसाकडे." मग पाय हळूच मागे घेतला, पुढे केला. "वाकतोय बघ. आता सरक बाजूला. मला एकटीला संडासला जायचंय."